बॅटरी संपत आली म्हणून फोन ठेवू नका



आपल्या मंडळींच्या फोनवरच्या बोलण्यात अलीकडे एक वाक्य फार ऐकू येते. अश्दोदच्या बहिणीशी, ठाण्याच्या भाच्याशी किंवा इथेच लंडनच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या लेकीशी बोलणे नुकते कुठे रंगात आलेले असते, आणि आपण म्हणतो, "बरं, ठेवते आता. बॅटरी संपत आलीय." पलीकडचे माणूसही "हो हो, ठेव" म्हणते. फोन बंद होतो आणि घर पुन्हा शांत होते.

बॅटरी त्या बोलण्याने संपलेली नसते, हे सांगण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. फोन कानाला लावून केलेले साधे बोलणे हा फोनच्या खर्चातला किरकोळ खर्च आहे. बॅटरी जाते ती बहुतेक वेळा आपल्या नकळत चाललेल्या भलत्याच कामांवर. त्यातली पुष्कळशी कामे बंद केली तरी आपले काहीही अडत नाही. तेव्हा काटकसर करायची ती तिथे, लेकीशी बोलण्यात नव्हे.

आणखी एक कारण आहे, आणि एकट्याने राहणाऱ्या आपल्या ज्येष्ठांसाठी ते अधिक महत्त्वाचे आहे. ते आधी सांगतो.

घरचा फोन आता पूर्वीसारखा राहणार नाही

आपल्यापैकी बरेच जण या देशात आले तेव्हा घरात तारेचा फोन होता. त्या फोनची एक खुबी होती. घरातली वीज गेली तरी भिंतीला तारेने जोडलेला साधा फोन चालू राहायचा, कारण त्याला लागणारी थोडीशी वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून त्याच तांब्याच्या तारेने येत असे.

ती जुनी यंत्रणा ब्रिटनभर बंद होत आहे. जानेवारी २०२७ पर्यंत सर्वांचे फोन ब्रॉडबँडवर न्यायचे असे ठरले आहे. पुष्कळांच्या घरी हा बदल झालेलाही आहे. नव्या व्यवस्थेत घरचा फोन राउटरला जोडलेला असतो आणि राउटर घरच्या विजेवर चालतो. म्हणजे वीज गेली की दिवे गेले, वायफाय गेले आणि घरचा फोनही गेला. हातात उरतो तो मोबाईल, आणि त्यात त्या क्षणी जेवढी बॅटरी असेल तेवढीच.

वीज इथे कुठे जाते, असे कोणी म्हणेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन वादळ आले तेव्हा दहा लाखांहून अधिक घरांची वीज गेली होती. बहुतेकांची लवकर आली, पण जवळजवळ ४,००० घरे आठवड्याहून अधिक काळ विजेविना होती. ऐन थंडीचे दिवस होते.

यासाठी काही सोयी आहेत, त्या माहीत असू द्या. जे घरच्या फोनवरच अवलंबून आहेत, उदाहरणार्थ ज्यांच्याकडे मोबाईल नाही किंवा घरात मोबाईलला रेंज येत नाही, त्यांना वीज गेल्यावर निदान एक तास तातडीचा फोन करता येईल अशी सोय फोन कंपनीने केली पाहिजे, असे ऑफकॉम या नियामक संस्थेचे बंधन आहे. मात्र आपली अडचण कंपनीला आपण होऊन कळवावी. गळ्यात किंवा मनगटावर मदतीचे बटण घालणाऱ्यांनी तर नवी लाइन बसण्याआधीच फोन कंपनी आणि बटण पुरवणारी संस्था या दोघांनाही सांगावे. वीज कंपनीकडे 'प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर' नावाची यादी असते. सरकारी पेन्शनच्या वयाला पोहोचलेल्या कोणालाही त्यात फुकट नाव घालता येते. वीज गेल्यावर चौकशीसाठी इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १०५ हा मोफत नंबर आहे.

एक तास हा मात्र एकच तास आहे. म्हणून मोबाईल भरलेला असणे ही आता चैन राहिलेली नाही. पूर्वी घरात काडेपेटी आणि मेणबत्ती हाताशी ठेवायची पद्धत होती, तशीच ही गोष्ट आहे.

बॅटरीच्या आत काय चालते

फोनमधल्या बॅटरीला हिब्रूत 'सोलेला' म्हणतात. आपल्या सर्वांच्या फोनमध्ये ती लिथियम-आयन जातीची असते. लिथियम हा अतिशय हलका धातू. बॅटरीच्या आत दोन बाजू असतात आणि मध्ये एक पातळ पडदा. आपण फोन चार्जिंगला लावला की लिथियमचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाऊन बसतात. फोन वापरू लागलो की ते परत आपल्या जागी येऊ लागतात, आणि त्यांच्या या येण्यातून फोनला वीज मिळते. सगळे परत आले की बॅटरी संपली.

या शोधाचा एक धागा आपण राहतो त्या देशात आहे. १९८० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात जॉन गुडइनफ यांनी या बॅटरीची एक बाजू कोबाल्टच्या संयुगाची करून तिची ताकद पुष्कळ वाढवली. नॉटिंगहॅममध्ये जन्मलेल्या स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी त्याआधीच्या दशकात पाया घातला होता, आणि जपानच्या अकिरा योशिनो यांनी पुढे ती सुरक्षितपणे वापरता येईल अशी केली. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती बाजारात आणली. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळवणारे ते पहिलेच. तेव्हा 'या वयात आता हे काय शिकायचे' असे आपल्यापैकी कोणी म्हणू नये.

आता मुद्द्याचे. बॅटरीची तक्रार दोन प्रकारची असते आणि आपण त्या दोन्ही एकच समजतो. आपले पूर्वज कोकणात घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. तेव्हा तेलाचाच दाखला घेऊ. दिवा लवकर विझतो याची दोन कारणे असू शकतात. एक तर वात फार मोठी केलेली असते, म्हणून तेल भराभर जळते. किंवा भांड्याच्या तळाशी इतका गाळ साठलेला असतो की काठोकाठ भरले तरी तेल थोडेच मावते.

फोनचेही तसेच आहे. आज सकाळी भरलेली बॅटरी दुपारीच का उतरली, हा वातीचा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी दिवसभर पुरणारी बॅटरी आता अर्धा दिवसच का पुरते, हा गाळाचा प्रश्न. बॅटरी प्रत्येक वेळी भरते आणि रिकामी होते तेव्हा थोडे लिथियम आत कायमचे अडकून पडते. ते पुन्हा कामाला येत नाही. वातीचा उपाय आपल्या हातात आहे आणि फुकट आहे. गाळ साठणे थांबवता येत नाही, लांबवता मात्र येते.

आजची बॅटरी जाते कुठे

पहिला खर्च स्क्रीनचा. फोनमध्ये सर्वात जास्त वीज सहसा तीच खाते. आपली नजर मंदावली म्हणून आपण उजेड पूर्ण वाढवून ठेवतो, आणि बोट लागून चुकीचे काही होऊ नये म्हणून फोन टेबलावर उघडाच ठेवतो. तो तसाच पाच-दहा मिनिटे उजळत राहतो. कानाला लावून बोलताना मात्र कान जवळ आल्याचे ओळखून फोन स्क्रीन आपोआप बंद करतो. म्हणूनच साधे बोलणे स्वस्त पडते. खात्री करायची असेल तर बोलणे सुरू करण्याआधी बॅटरीचा आकडा पाहा आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. दुसऱ्या दिवशी अर्धा तास व्हिडिओ पाहून तोच प्रयोग करा. आमच्या सांगण्यापेक्षा तो आकडा जास्त पटेल.

दुसरा खर्च रेंजचा. हा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. फोन सतत जवळच्या मनोऱ्याशी संपर्क ठेवून असतो. मनोरा जवळ असला की हळू बोलून भागते. रेंज कमी असली की फोनला ओरडून बोलावे लागते, आणि ओरडायला जास्त ताकद लागते. जाड भिंतींच्या जुन्या घरात, तळघरातल्या फ्लॅटमध्ये, इस्पितळाच्या आतल्या भागात किंवा धावत्या रेल्वेत फोन खिशात पडूनही बॅटरी उतरते ती यामुळे. दिवसभर इस्पितळात बसून आल्यावर 'मी तर फोनला हातही लावला नाही' असे म्हणणाऱ्याचे खरेच असते.

तिसरा खर्च न सांगता चालणाऱ्या कामांचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रत्येक गटात सकाळी येणारी फुलांची चित्रे, भजनांचे आणि विनोदांचे व्हिडिओ फोन आपोआप उतरवून घेतो. दर संदेशाला टिंग वाजते आणि स्क्रीन उजळते. कुठले तरी खेळाचे किंवा दुकानाचे अ‍ॅप, जे नातवाने दोन वर्षांपूर्वी टाकून दिले होते, ते आपण कुठे आहोत याची अजून नोंद घेत असते. यातले एकेक काम छोटे असते. पण थेंबे थेंबे तळे साचते, तसेच ते थेंबे थेंबे रिकामेही होते.

चौथा खर्च व्हिडिओ कॉलचा. त्यात स्क्रीन, कॅमेरा, स्पीकर आणि इंटरनेट ही सगळी एकाच वेळी कामाला लागतात, त्यामुळे तो साध्या बोलण्यापेक्षा पुष्कळ महाग. तरीही नातवंडांचे तोंड पाहायचे असेल तर जरूर पाहावे. फक्त फोन घरच्या वायफायवर असावा, आणि कॉल लांबणार असेल तर चार्जरजवळच्या खुर्चीवर बसावे.

पाच गोष्टी आजच करा

प्रत्येक फोनची पाने थोडी वेगळी असतात. पण 'सेटिंग्ज' हे दातेरी चाकाचे चित्र सगळीकडे असते. घरातले कोणी तरुण माणूस आले की चहा होईपर्यंत ही पाच कामे करून घ्या. हा लेख त्यांच्या हातात दिला तरी चालेल. त्यांना मराठी वाचता येत नसेल तर आपण वाचून दाखवा.

१. सेटिंग्जमध्ये 'बॅटरी' उघडा. कोणत्या अ‍ॅपने किती टक्के बॅटरी खाल्ली याची यादी तिथे दिसते. जे आपण कधी वापरत नाही आणि तरीही यादीत वर आहे, ते काढून टाका. आधी हिशेब पाहावा, मग खर्च कापावा.

२. स्क्रीनचा उजेड 'ऑटो'वर ठेवा, म्हणजे खोलीतल्या उजेडाप्रमाणे तो कमी-जास्त होईल. स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ तीस सेकंद किंवा एक मिनिट करा. अक्षरे दिसत नाहीत म्हणून उजेड वाढवू नका, अक्षरे मोठी करा. मोठ्या अक्षरांना जास्त बॅटरी लागत नाही.

३. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवणे बंद करा. जो पाहायचा असेल त्यावर बोट ठेवले की तो उतरतो. गटांचा आवाज बंद करा, माणसांचा चालू ठेवा. म्हणजे लेकीचा संदेश आला की कळेल, आणि चाळीस जणांचे 'शुभ सकाळ' आपण सवडीने पाहू.

४. 'लोकेशन' या सेटिंगमध्ये प्रत्येक अ‍ॅपला 'फक्त वापरत असताना' एवढीच परवानगी द्या. मुलांनी काळजीपोटी आपला ठावठिकाणा पाहण्याची सोय करून ठेवली असेल तर ती मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. थोडी बॅटरी त्यासाठी गेलेली चालेल.

५. घरात रेंज कमी असेल तर 'वायफाय कॉलिंग' चालू करून घ्या. मग साधा फोनही घरच्या वायफायवरून लागतो आणि फोनला ओरडावे लागत नाही. वीज गेल्यावर वायफाय जाते हे मात्र ध्यानात असू द्या. अशा वेळी खिडकीजवळ किंवा वरच्या मजल्यावर रेंज कुठे मिळते, ते आधीच पाहून ठेवावे. ९९९ ला फोन करताना आपल्या कंपनीची रेंज नसेल आणि दुसऱ्या कंपनीची असेल, तर तो फोन त्या दुसऱ्या कंपनीवरून जातो.

याशिवाय दोन नावे लक्षात ठेवा. आयफोनमध्ये 'लो पॉवर मोड' आणि अँड्रॉइडमध्ये 'बॅटरी सेव्हर'. हे बटण दाबले की न सांगता चालणारी कामे फोन स्वतःच कमी करतो. बोलणे आणि संदेश चालूच राहतात. बॅटरी २० टक्क्यांवर येण्याची वाट पाहायची गरज नाही. घराबाहेर दिवस काढायचा असेल तर सकाळीच दाबून निघावे.

फोनला नवे अपडेट मिळाल्यावर एक-दोन दिवस बॅटरी जास्त उतरते. आतली आवराआवर चाललेली असते. लगेच घाबरून जाऊ नये.

काही जुने समज

'बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.' हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीसाठी होता. त्या बॅटऱ्या अर्धवट भरत राहिल्या तर कमी साठवू लागत. लिथियमच्या बॅटरीला उलट पूर्ण रिकामे होणेच सोसत नाही. ३० टक्क्यांवर लावली, ७० वर काढली, संध्याकाळी पुन्हा थोडी भरली, तरी चालते. ५० टक्के आज आणि ५० टक्के उद्या भरले तर बॅटरीच्या आयुष्याच्या हिशेबात ती एकच फेरी धरली जाते.

'रात्रभर चार्जिंगला ठेवला तर बॅटरी ओतू जाते.' ओतू जात नाही. भरली की फोन स्वतःच वीज घेणे थांबवतो. एवढे खरे की पूर्ण भरलेल्या आणि गरम अवस्थेत तासन् तास राहिल्याने तळाचा गाळ लवकर साठतो. म्हणून पुष्कळ नव्या फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असते. घरीच असणाऱ्यांनी ती चालू करावी. प्रवासाच्या दिवशी पूर्ण भरावा.

'उघडी अ‍ॅप बोटाने वर ढकलून बंद केली की बॅटरी वाचते.' सहसा वाचत नाही. फोनने ती झोपवलेली असतात. पुन्हा पहिल्यापासून उठवायला जास्त ताकद लागते. एखादे अ‍ॅप अडकले असेल तरच ते असे बंद करावे.

'चार्जिंगने विजेचे बिल वाढते.' फोनच्या बॅटरीत साधारण १५ ते २० वॅट-तास वीज मावते. वाटेतली गळती धरून रोज २५ वॅट-तास लागले असे समजू. वर्षाचे झाले सुमारे ९ युनिट. युनिटला पाव पौंडाच्या आसपास धरले तर वर्षाचा खर्च अडीच पौंडांच्या आत येतो. किटलीत एका कपाऐवजी चार कपांचे पाणी उकळण्याची सवय याहून महाग पडते. बिलाच्या भीतीने फोन अर्धा रिकामा ठेवू नये.

आणि एक इशारा. 'तुमची बॅटरी खराब झाली आहे, इथे दाबा' असे मध्येच स्क्रीनवर उमटले तर दाबू नका. बॅटरी वाचवण्याचे वचन देणारी अनोळखी अ‍ॅपही घेऊ नका. फोनमध्ये मुळात असलेली सोय पुरेशी आहे.

थंडी आणि ऊन

इथल्या जानेवारीत बसच्या थांब्यावर उभे असताना ३० टक्के दाखवणारा फोन एकाएकी बंद पडतो. थंडीत बॅटरीच्या आतली हालचाल मंदावते आणि तिला लागेल तेवढी वीज देता येत नाही. तेल गोठल्यावर वातीत चढत नाही, तसेच. घरी येऊन फोन ऊबदार झाला की बॅटरी परत येते, कायमचे नुकसान सहसा होत नाही. म्हणून हिवाळ्यात फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा, बाहेरच्या नव्हे. गारठलेला फोन लगेच चार्जरला लावू नये, आधी खोलीच्या उबेला येऊ द्यावा.

उष्णतेचे नुकसान मात्र भरून येत नाही. फोन शून्य ते ३५ अंशांमध्ये वापरावा असे अ‍ॅपल कंपनी सांगते, आणि त्याहून जास्त उष्णतेत बॅटरीची साठवण कायमची घटू शकते असेही बजावते. रेडिएटरवर, खिडकीच्या उन्हात, गरम पाण्याच्या पिशवीजवळ किंवा उशीखाली फोन ठेवू नये. उशीखाली चार्जिंगला लावणे तर आगीच्या दृष्टीनेही धोक्याचे. मुंबईला किंवा इस्राएलला गेल्यावर बंद गाडीत फोन ठेवून उतरू नये. फोन तापला म्हणून तो फ्रिजमध्येही ठेवू नये, आत दव धरते. सावलीत ठेवून, जाड कव्हर काढून दहा मिनिटे थांबले की पुरे.

शब्बाथ आणि फोन

आपल्यापैकी जे शब्बाथला फोन वापरत नाहीत, त्यांना एक वेगळा प्रश्न पडतो. लंडनमध्ये डिसेंबरात शब्बाथ दुपारी चारच्या आधीच लागतो, जूनमध्ये रात्री नऊच्या सुमारास. फोन त्यानंतर पंचवीस तास बाजूला राहणार. तो बंद करावा, चालू ठेवावा की चार्जरला लावून ठेवावा?

घरात इतर माणसे असतील आणि आपली तब्येत बरी असेल, तर शुक्रवारी दुपारी फोन भरून पूर्ण बंद करावा. बंद फोनची बॅटरी दिवसभरात जवळजवळ उतरतच नाही. हावदाला झाल्यावर चालू केला की तो तयार असतो.

एकटे राहणाऱ्यांनी, पडण्याची भीती असणाऱ्यांनी आणि ज्यांचे साखरेचे यंत्र, श्रवणयंत्र किंवा मदतीचे बटण फोनला जोडलेले आहे त्यांनी, फोन बंद करू नये. शब्बाथ लागण्याआधी तो चार्जरला लावून, आवाज चालू ठेवून, हात पोहोचेल अशा जागी ठेवावा. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवता येतो, किंबहुना ठेवलाच पाहिजे. 'पिकुआह नेफेश' हे तत्त्व आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. छातीत दुखत असताना 'शब्बाथ सुटल्यावर फोन करू' असे कोणीही म्हणू नये. आपल्या बाबतीत नेमके काय करावे, हे आपल्या रब्बींना आणि डॉक्टरांना विचारून आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशीच ठरवून ठेवा.

वादळ किंवा पुराच्या वेळी सरकार फोनवर मोठ्या आवाजाचा इशारा पाठवते. २३ एप्रिल २०२३ आणि ७ सप्टेंबर २०२५ या दोन रविवारी देशभर त्याची चाचणी झाली, तेव्हा घरोघरचे फोन भोंग्यासारखे वाजले होते ते आठवत असेल. फोन बंद असेल किंवा बॅटरी संपलेली असेल तर हा इशारा पोहोचत नाही.

बॅटरी म्हातारी झाली तर

आयफोनमध्ये 'बॅटरी' या पानावर 'बॅटरी हेल्थ' असा एक आकडा दिसतो. नवी असताना किती मावत होते आणि आता किती मावते, याचे ते प्रमाण. ८० टक्क्यांच्या खाली गेला की बॅटरी बदलण्याची वेळ आली असे समजावे. आयफोन १४ पर्यंतच्या फोनची बॅटरी पूर्ण भरण्याच्या ५०० फेऱ्यांनंतर आणि १५ पासूनची १,००० फेऱ्यांनंतर ८० टक्के उरावी अशा बेताने बनवलेली असते. रोज एक फेरी धरली तर पहिलीचे दीड वर्षाहून थोडे कमी झाले, दुसरीचे सुमारे पावणेतीन. अँड्रॉइडमध्ये हे पान प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. दुकानात दाखवून तपासून घ्यावे.

फोन जुना झाला, हळू चालतो, मध्येच बंद पडतो, म्हणून नवा घेण्याआधी एवढे पाहा. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने मान्य केले की, बॅटरी थकलेले काही आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग आपणच कमी केला होता. पुढे वर्षभर कंपनीने ब्रिटनमध्ये त्या फोनची बॅटरी बदलण्याचा दर ७९ पौंडांवरून २५ पौंडांवर आणला. बॅटरी बदलली की तेच फोन पुन्हा पूर्वीसारखे चालू लागले. म्हणजे फोन म्हातारा नव्हता, बॅटरी म्हातारी होती. नव्या फोनला शेकडो पौंड पडतात, बॅटरी त्याच्या थोड्याशा भागात येते. शिवाय ओळखीचा फोन हातात राहतो आणि सगळे पुन्हा शिकावे लागत नाही. मात्र तुमच्या फोनला कंपनीकडून अजून सुरक्षेची अपडेट मिळतात का, ते विचारून घ्या. मिळत नसतील तर त्याच फोनवरून बँकेचे व्यवहार करणे बरे नव्हे.

फोनची पाठ फुगलेली दिसली किंवा स्क्रीन एका बाजूने वर आली, तर मात्र थांबू नका. चार्जिंग बंद करा, फोन दाबू किंवा टोचू नका, आणि दुकानात दाखवा. जुनी बॅटरी किंवा जुना फोन घरच्या कचऱ्याच्या डब्यात कधीही टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत तो चिरडला गेला की आग लागते. वर्षाला ३२ किलोहून अधिक सुट्या बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानांनी जुन्या बॅटऱ्या परत घेतल्याच पाहिजेत असा कायदा आहे, म्हणून मोठ्या सुपरमार्केटच्या दाराशी त्यासाठी पेटी असते. फुगलेली बॅटरी त्या पेटीत टाकू नका. ती कौन्सिलच्या केंद्रावर तिथल्या माणसाच्या हाती द्यावी. चार्जरही नाव असलेल्या दुकानातूनच घ्यावा. बाजारातला दोन पौंडांचा चार्जर हा स्वस्त सौदा नव्हे.

घरात एक पॉवर बँक असू द्यावी. १०,००० मिलीअँपियर-तासांची बहुतेक फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा भरते. महिन्यातून एकदा, समजा रोश होदेशला, ती भरली आहे ना ते पाहावे. विमानाने जाताना ती हातातल्या पिशवीतच ठेवावी, खाली जाणाऱ्या सामानात चालत नाही. १०० वॅट-तासांपर्यंतची सहसा वेगळी परवानगी न घेता नेता येते, आणि १०,००० ची सुमारे ३७ वॅट-तासांची असते. दोन-तीन महिन्यांसाठी मुंबईला जाताना जादा फोन इथे ठेवणार असाल, तर तो अर्धा भरून, बंद करून ठेवावा. भरलेला किंवा रिकामा ठेवू नये.

शेवटी एक काम, ज्याला बॅटरी लागतच नाही. मुलांचे, शेजाऱ्यांचे आणि डॉक्टरांचे नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घरच्या फोनजवळ लावा आणि एक प्रत पाकिटात ठेवा. पूर्वी आपल्याला वीस-वीस नंबर तोंडपाठ होते, आता लेकीचाही आठवत नाही. फोन बंद पडला तर दुसऱ्याच्या फोनवरून तरी लावता येईल.

एवढे झाले की रोज संध्याकाळी एकदा आकडा पाहा. रात्री झोपताना फोनमध्ये निम्म्याहून अधिक बॅटरी असावी, एवढा एकच नेम पुरे. आणि बहिणीचा फोन आला की बॅटरीकडे पाहू नका. पोटभर बोला.